पगाराविना कायदा

कामगारविषयक कायद्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासक कलमांचा आणि चळवळींचा परामर्श घेतात; ते कायदे राबविणाऱ्यांच्या पगाराकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. खरी मेख तेथेच आहे.

हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी कायदा १८८१ सालचा. ७ वर्षांखालील मूल कामावर ठेवू नये, १२ वर्षांखालील मुलांकडून दिवसाकाठी ९ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची झेप. पण पाहणी कोणी करावयाची? स्वतंत्र निरीक्षक नेमलेला नसेल तेथे जिल्हा मॅजिस्ट्रेटने! वसुली, दंगे, दुष्काळ यांतून सवड काढून त्याने गिरणीत डोकवावे; सरकारला त्यापायी वेगळा छदाम पडत नव्हता. आपल्यापैकी ज्यांच्या वाडवडिलांनी संस्थानी दप्तरांत कारकुनी केली, त्यांना जादा काम आणि जुनाच पगार ही युक्ती ऐकून ठाऊक असेल.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती पाळली जाते की नाही, हे कामगारांना स्वतःच दिसत होते. मुलाचे वय किंवा कामाचे तास यांची गोष्ट निराळी. तेथे हजेरीपट उघडून पाहणारा जाणता माणूस लागतो. १९०८ च्या फॅक्टरी आयोगाने तेच नोंदविले. ठिकठिकाणी कायदा धाब्यावर बसविला जात होता, आणि पदसिद्ध निरीक्षकांना ना वेळ होता, ना यंत्रांचे ज्ञान. पूर्णवेळ, पगारी निरीक्षक नेमावेत, अशी शिफारस आयोगाने केली. १९११ चा कायदा त्यानंतरचा.

१९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले, तेव्हा खर्चाची एक नवी बाब उघडली. जुलै १९१४ चा भाव १०० धरून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक ते काढू लागले. त्यासाठी बाजारभाव टिपणारी, चाळींतून कुटुंबांचे जमाखर्च लिहून घेणारी माणसे लागत. भत्त्याच्या तंट्यात दोन्ही पक्षांना याच आकड्यांशी झगडावे लागे.

प्रवासखर्चाची बाब वरकरणी क्षुल्लक. परंतु टांग्याचे भाडे पदरचे भरणाऱ्या निरीक्षकाला मालकाची गाडी नाकारणे अवघड जाते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४७ च्या ८१ व्या करारात म्हणूनच निरीक्षकांची नोकरी स्थिर असावी, त्यांची संख्या पुरेशी असावी आणि कामासाठी झालेला प्रवासखर्च त्यांना भरून द्यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. भारताने त्याला १९४९ साली मान्यता दिली.