एकलव्य नावाची वाहिनी

१ ऑगस्ट १९७५. भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांसाठी आकाशातून टीव्ही सुरू झाला. उपग्रह अमेरिकेचा होता, नासाचा एटीएस-६. कार्यक्रम आपले होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री, हैदराबादच्या ईसीआयएलनं बनवलेला संच, आणि वीज नसेल तिथं बॅटरी. सकाळच्या दीड तासात हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड अशा चार भाषांमधले शाळेचे धडे बसवलेले. म्हणजे एका भाषेच्या वाट्याला वीस-बावीस मिनिटं.

या प्रयोगाचं नाव 'साइट'. त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस, आपल्या कोल्हापूरचे. पण निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या कर्नाटकातले गुलबर्गा आणि रायचूर जिल्हे मात्र होते. ज्या निजामाच्या राज्यात माझं पालम होतं, त्याच राज्यात तेही होते, आणि शाळांची आबाळ दोन्हीकडे सारखीच. त्यांच्या पोरांना उपग्रहावरून धडे मिळाले आणि गोदाकाठची आमची आधीची पिढी फळ्याकडंच बघत राहिली. मला याचं वाईट वाटतं असं नाही, पण नकाशा बघितला की गंमत वाटते.

साइटमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पोरांच्या धड्यांची नाही, मास्तरांची आहे. त्या वर्षात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यात टीव्ही होता, पण नुसता टीव्ही नव्हता. सोबत रेडिओ, छापील साहित्य, हातानं करायचे प्रयोग, आणि शंका विचारायला समोर बसलेला एक माणूस. रेकॉर्ड केलेला धडा चालायचा असेल, तर त्याच्या आजूबाजूला काय लागतं, हे तेव्हाच करून बघितलेलं होतं. वर्ष संपलं, ३१ जुलै १९७६ला प्रक्षेपण थांबलं, आणि उपग्रह ज्याचा होता त्यानं परत नेला.

पुढं आपला इन्सॅट-१बी आला आणि या वेळी महाराष्ट्राचा नंबर लागला. १९८४मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' उभी राहिली. मराठी पोरांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवायचे आणि दूरदर्शनवर दाखवायचे, एवढंच तिचं काम. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाची 'कंट्रीवाइड क्लासरूम'ही सुरू झाली, पण ती कॉलेजवाल्यांसाठी. बालचित्रवाणीनं हजारो कार्यक्रम केले. मग केंद्राचा निधी थांबला, संस्था डबघाईला आली, आणि २०१७मध्ये राज्य सरकारनं तिला कुलूप लावलं.

२०१७ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी केंद्राचं 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झालं. त्याच सुमाराला बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड यायला लागले. ती कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी राबवली होती. म्हणजे एका हातानं आपण पुस्तकातून व्हिडिओकडं जायची वाट काढत होतो, आणि दुसऱ्या हातानं मराठीत व्हिडिओ बनवणारं घर बंद करत होतो.

आता माझ्या पिढीचं. २००३च्या जानेवारीत आयआयटीतली व्याख्यानं दाखवणारी एक वाहिनी निघाली. नाव ठेवलं 'एकलव्य'. ज्यानं कुणी ते सुचवलं, त्याला दाद द्यायला हवी. समोर मातीचा द्रोण, तो बोलत नाही, हटकत नाही, चुकलं तर कानही पिळत नाही. त्याच वर्षी आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीनं मिळून एनपीटेल सुरू केलं. एकेका विषयाची चाळीसेक तासांची व्याख्यानं, फुकट. इंजिनिअरिंगला असताना मी त्यांवरच तरलो. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो, आणि तोवर पुढं सरकता सरकत नसलेली ती पांढरी रेघ अचानक पळायला लागली. इंग्रजीत अडकलं की दहा सेकंद मागं जायचं, परत ऐकायचं. वर्गात सरांना तीनदा 'परत सांगा' म्हणायची माझी छाती नव्हती. व्हिडिओला त्रेचाळीसदा म्हणालो तरी तो चिडत नाही.

पण आमच्या बॅचमधले बरेच जण पहिल्या दोन व्याख्यानांनंतर गळाले. ते आळशी नव्हते. २०१४मध्ये एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की सहा मिनिटांच्या वर व्हिडिओ गेला की लक्ष झपाट्यानं उडतं. हातानं लिहीत, आकृती काढत शिकवलं, तर पोरं जास्त टिकतात. वर्गात कॅमेरा लावून तासभराचं व्याख्यान तसंच चढवणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी उपयोगाचं.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मराठी धडे तातडीनं लागले. बालचित्रवाणीला तीन वर्षांपूर्वीच टाळं लागलेलं. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची. ती मला आवडली, कारण तिच्यात व्याख्यान नव्हतं. घरातल्या डाळी, अंगणातली पानं, आजीला विचारायचे प्रश्न, असलं काहीतरी करायला लावायची. मास्तर नाही तर घरातलं माणूस पोराशेजारी बसवायची. साइटच्या शिक्षक-प्रशिक्षणातली तीच युक्ती, पंचेचाळीस वर्षांनी.

पालम, गंगाखेड भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. जी पोरं आईबापासोबत जातात, त्यांचं निम्मं शाळेचं वर्ष कारखान्याच्या परिसरात जातं. रेकॉर्ड केलेला धडा खऱ्या अर्थानं कुणाला हवा असेल, तर या पोरांना, कारण त्यांच्यामागून शाळा चालत जाऊ शकत नाही. दीक्षावर धडा उतरवून ठेवता येतो, नंतर नेट नसलं तरी चालतो. कामाच्या सवयीनं मी लगेच फाईल किती एमबीची, स्वस्त फोनवर उघडेल का, असले हिशोब करायला लागतो. ते सुटण्यासारखे आहेत. पण कोपीत फोन बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो पहाटे बापाच्या खिशातून फडात जातो.