जात्याकडून गिरणीकडे

पहाटेच्या अंधारात दोघी जावा समोरासमोर बसत. एकच खुंटा दोघींच्या हातात. एकीने मूठ-मूठ जोंधळा जात्याच्या मुखात टाकायचा, पाळूभोवती पिठाची कड साचत जायची. रोजच्या भाकरीचे दळण रोजच दळावे लागे. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावायला पाथरवट दारी येई.

मग गावोगाव तेलावर चालणाऱ्या इंजिनांच्या गिरण्या आल्या. अशी इंजिने बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 साली स्थापन झाली. पुढे वीज पोहोचली आणि दळण डब्यात भरून गिरणीत जाऊ लागले. बायकांचे खांदे सुटले, पहाटेची झोप वाढली.

मात्र सासुरवास, माहेर, विठ्ठल, लेकरे हे सारे ज्या ओव्यांत येई, त्या ओव्या दळतानाच सुचत. जाते थांबल्यावर त्या गाण्याची वेळच उरली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉईतव्हँ या अभ्यासकांनी कार्यकर्त्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या.

आता बऱ्याच घरांत जाते निघते ते लग्नापुरते. त्याला सुपारी बांधतात, सुवासिनी हळद दळतात; पुरणपोळीची कणीक मात्र गिरणीतूनच येते.