दुखणे बरोबर घेऊन केलेला परदेशवास

आपल्या मोझरी-तिवसा भागातली एखादी मुलगी नोकरीसाठी दुबईला वा जर्मनीला निघाली आणि तिला साखरेचा, दम्याचा किंवा असाच काही जुना विकार असला, की शेजारपाजारच्या बायका विचारतात, "दुखणं घेऊन एवढ्या दूर कायले जावं?" विचारतात त्या मायेपोटीच. मी हा लेख लिहायला घेतला तो या प्रश्नामुळे, कारण हा प्रश्न आजचा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांचेही दुखणे त्यांच्याबरोबर आगबोटीत चढले होते.

पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत आनंदीबाईंचे नाव आहे, हे आपण शाळेत वाचतो. त्या डॉक्टर झाल्या आणि लवकरच वारल्या, एवढ्यावर धडा संपतो. मधली साडेतीन वर्षे एका आजारी बाईने परक्या मुलुखात कशी काढली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते थोड्याच दिवसांत गेले. बायकांसाठी बाई डॉक्टर असावी, ही इच्छा त्या दुःखातून आली. पुढे गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर त्या कलकत्त्यास गेल्या, आणि तेथेच प्रकृती ढासळू लागली. सततची डोकेदुखी, मधूनमधून ताप, अशक्तपणा, कधी धाप लागणे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी पत्रव्यवहार जुळला होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. या मावशीने तिकडून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. म्हणजे रोग अमेरिकेच्या थंडीने एकाएकी आणला, असे जे म्हटले जाते ते खरे नव्हे. प्रकृतीची तक्रार जाण्याच्या आधीचीच होती, आणि ती घरात ठाऊक होती.

तरीही गोपाळरावांनी त्यांना पाठवायचे ठरविले. त्यांच्या हट्टाशिवाय हे शिक्षण झालेच नसते, हे मान्य करूनही मला असे वाटते की त्यांनी संकल्पाला बायकोच्या जिवापेक्षा जास्त वजन दिले. मात्र बाई केवळ नवऱ्याच्या हुकमाने निघाल्या, असे समजणेही अन्यायाचे होईल. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण केले, आणि लोक विचारीत ते सहा प्रश्न आपणच मांडून त्यांची उत्तरे दिली. एकटी का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकले तर काय, अशा प्रश्नांतच एक होता : तिकडे काही संकट ओढवले तर काय करशील? अठरा वर्षेही पुरी न झालेल्या मुलीने हा प्रश्न चारचौघांसमोर उभे राहून घेतला, याचे मला फार मोठे वाटते.

७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला. प्राचार्या रेचेल बॉडले यांनी त्यांना मायेने वागविले. पण माया आणि हवापाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने लुगडे नेसायला सुरुवात केली. मांसाहार वर्ज्य, त्यामुळे अन्नाचे हाल. खोली गरम ठेवायची तर धूर सोसायचा, धूर नको तर थंडीत कुडकुडायचे. आपल्याकडे चुलीपुढे जन्म गेलेल्या बायांना त्या धुराचा अर्थ वेगळा सांगायला नको!

पुढे त्यांचे दुखणे क्षयाचे ठरले. क्षयाचा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जाहीर केला होता. आनंदीबाई निघाल्या त्याच्या अवघे एक वर्ष आधी. पण जंतू सापडला तरी औषध सापडले नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन निघाले १९४३ साली. तोवर डॉक्टर विश्रांती, पौष्टिक अन्न आणि मोकळी हवा एवढेच सांगत, आणि आनंदीबाईंच्या वाट्यास यांपैकी एकही पुरते आले नाही. तशाही स्थितीत ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्याच. त्यांचीही कथा येथे सांगण्यासारखी आहे, कारण त्याही १८८३ सालीच वैद्यक शिकायला म्हणून लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या होत्या. पण त्यांना कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. रमाबाईंनी मार्ग बदलला. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकल्या, तेथेच संस्कृत शिकवू लागल्या, आणि अमेरिकेत गेल्यावर व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी मदत जमविली. ती शाळा, शारदा सदन, मुंबईत सुरू झाली ११ मार्च १८८९ रोजी. तारीख पाहावी! आनंदीबाईंच्या पदवीदानाची तीच.

आनंदीबाईंना मार्ग बदलण्यास अवकाशच मिळाला नाही. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली होती आणि त्यांनी ती स्वीकारलीही होती. १८८६ च्या नोव्हेंबरात पती-पत्नी मुंबईस उतरले ते बाईंना अंथरुणावर घेऊनच. त्या जागेवर त्या एक दिवसही रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता.

त्यांची रक्षा मावशीकडे अमेरिकेस धाडण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची अक्षरे तेथल्या दगडावर कोरलेली आहेत.