सही करण्याआधी

मुलांच्या दप्तरातून कधीतरी एक कागद घरी येतो. 'आमच्या अभ्यासात तुमच्या मुलाला घेऊ का? सही करा.' आपण घाईत सही करून मोकळे होतो. त्या सहीचं मोल सांगणारी एक जुनी हकिगत आज ऐका.

साल १९३९. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गावी एक अनाथाश्रम होता. आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन तोतरेपणाचा अभ्यास करत. ते स्वतःही तोतरे बोलत. मोठी माणसं मुलांच्या बोलण्यात सारख्या चुका काढतात, त्यातूनच तोतरेपणा जडतो, असा त्यांचा कयास होता. तो पडताळायला त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर आश्रमात गेली. २२ मुलं निवडली गेली. त्यातल्या चांगल्या बोलणाऱ्या ६ मुलांना सांगितलं गेलं, की तुम्ही अडखळता. नीट जमत नसेल तर बोलूच नका.

मुलं तोतरी झाली नाहीत, पण गप्प झाली. तोंड उघडायला बिचकू लागली. ट्यूडर नंतर पुन्हा आश्रमात गेली, तुमचं बोलणं ठीक आहे असं समजावलं. पण मनात बसलेली भीती इतक्या सहज निघत नाही.

प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वर्तमानपत्राने हे उजेडात आणलं, तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये राज्याने ९,२५,००० डॉलर भरपाई देऊ केली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

अनाथ मुलंच का निवडली? कारण 'आमच्या लेकराला काय करताय?' असं विचारायला त्यांच्यामागे कोणी नव्हतं.

पुढे टस्कीगीतल्या सिफिलिसच्या अभ्यासाचा बोभाटा झाला आणि १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनावर देखरेखीचा कायदा आला. आता समितीची मंजुरी लागते, आईवडिलांची परवानगी लागते, आणि मूल कळत्या वयाचं असेल तर त्याचा होकारही.

म्हणून पुढच्या वेळी सही करण्याआधी विचारा: काय करणार? मुलाला काय सांगणार? मधेच नको वाटलं तर थांबता येईल ना? अभ्यासाला नाही म्हणायची गरज नाही. चांगले संशोधक या प्रश्नांची उत्तरं आनंदाने देतात.

आणि हो, जेवताना मुलगी 'मी पाणी पिला' म्हणाली, तर सगळ्यांदेखत हसू नका. तिला बोलू द्या. भेटू पुढच्या भागात!