उपग्रह इंटरनेटची कळ कोणाच्या हाती?

खासगी उपग्रह इंटरनेट आणि देशाची सुरक्षा हा विषय निघाला की चर्चा बहुधा हेरगिरीभोवती फिरते. तो धोका आहेच. पण त्याहून गंभीर प्रश्न सेवा चालू-बंद करण्याच्या अधिकाराचा आहे.

दळणवळणाचे जुने भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात; इलॉन मस्क यांच्या अमेरिकी कंपनीच्या स्टारलिंक सेवेचे हजारो उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरून फिरतात. छतावरची डिश डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाशी जोडली जाते आणि उपग्रह तो संदेश जमिनीवरच्या गेटवे केंद्राकडे उतरवतो. उपग्रह एकमेकांशी लेझरनेही बोलतात, त्यामुळे एका देशातून चढलेला संदेश दुसऱ्या देशात उतरू शकतो. डिश नेमकी कुठे आहे हे यंत्रणेला कळते. तिथे सेवा द्यायची की नाही, हे कंपनीचे सॉफ्टवेअर ठरवते.

याचा अर्थ युक्रेनमध्ये दिसला. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियन सैन्य घुसण्याच्या तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह जाळ्यावर सायबर हल्ला झाला. हजारो मोडेम निकामी झाले. पार जर्मनीतल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. दोनच दिवसांनी युक्रेनचे मंत्री मिखाइलो फेदोरोव यांनी इलॉन मस्क यांना ट्विटरवर जाहीर साद घातली आणि काही तासांत स्टारलिंक सुरू झाले. त्या मदतीचे मोल मोठे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र क्रिमियातील रशियन नौदलावर हल्ल्यासाठी तिथली सेवा सुरू करा, ही युक्रेनची विनंती आपण मान्य केली नाही, असे मस्क यांनीच 2023 मध्ये सांगितले. निर्णय बरोबर की चूक, हा वाद वेगळा. लढणाऱ्या देशाच्या मोहिमेची मर्यादा एका परदेशी उद्योगपतीने ठरवली, ही वस्तुस्थिती उरते. सेवा तुटायला वाईट हेतूही लागत नाही: 24 जुलै 2025 रोजी सॉफ्टवेअरमधील बिघाडाने स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद पडले, तेव्हा युक्रेनची आघाडीही त्यातून सुटली नाही.

आपल्याकडे सावधगिरीला कारणे आहेत. 26/11 च्या हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होता. 2024 च्या अखेरीस मणिपूरमधील छाप्यात आणि अंदमानजवळ पकडलेल्या अमली पदार्थांच्या बोटीवर स्टारलिंकची उपकरणे सापडली. मे 2025 मध्ये दूरसंचार विभागाने नियम कडक केले: डेटा देशातच ठेवायचा, कायदेशीर नजर ठेवण्याची सोय द्यायची आणि सीमेलगतच्या 50 किलोमीटर पट्ट्यावर विशेष देखरेख करायची. त्यानंतर जूनमध्ये स्टारलिंकला परवाना मिळाला.

हे नियम योग्य आहेत. भारतातील गेटवे सरकारच्या आवाक्यात येतो आणि सेवा बंद करण्याचा आदेशही देता येतो. पण ऐन संकटात कंपनीनेच किंवा अमेरिकी सरकारच्या सांगण्यावरून तिने हात आखडता घेतला, तर सेवा चालू ठेवण्याची ताकद परवान्यात नाही. उपग्रहांचे सुकाणू भारताबाहेर आहे. म्हणूनच युरोपीय संघाने मित्रदेशाच्या कंपन्या हाताशी असतानाही सुमारे 290 उपग्रहांचे स्वतःचे जाळे उभारायचे ठरवले.

नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले; त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव यांची नावे आहेत. दुर्गम पाड्यावरच्या शाळेला, आरोग्य केंद्राला ही सेवा जरूर मिळावी. मात्र पोलीस ठाणी, रुग्णालये आणि आपत्ती नियंत्रण कक्ष यांच्यासाठी ऑप्टिकल फायबर किंवा इस्रोच्या उपग्रहाचा पर्यायी मार्ग कायम चालू ठेवण्याची अट सरकारने अंतिम करारात घालावी.