खाजकुइली आणि मेंदूतील दरवाजा

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत पसरलेल्या सह्याद्रीच्या उतारांवर, पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली म्हणजे झाडाझुडपांवर चढलेल्या एका वेलीला तांबूस-सोनेरी लवेने मढलेल्या वाकड्या शेंगा लोंबू लागतात, आणि रानात वावरणारा जाणता माणूस त्यांच्यापासून चार हात दूर राहूनच वाट काढतो. ही खाजकुइली, वैद्यकग्रंथांतील कपिकच्छू अथवा आत्मगुप्ता. लव अंगाला लागली की तिच्यातील म्युक्युनेन नावाचे विकर त्वचेतील मज्जातंतूंना चेतवते आणि माणूस खाजवून बेजार होतो. एवढ्या कडेकोट पहाऱ्यात वेलीने जे बी जतन केले आहे, त्याची कुळकथा सांगू लागले की अकोल्याच्या रानातून थेट मानवी मेंदूच्या अंतःपुरात जावे लागते.

आयुर्वेदाने या बियांना बल्य आणि वृष्य द्रव्यांत मानाचे स्थान दिले आणि कंपवाताच्या उपचारातही त्यांची योजना केली; परंतु त्या गुणाचा रासायनिक दाखला मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये गुगेनहाइम यांनी 1913 साली बाकला नावाच्या कडधान्यातून एल-डोपा हे अमिनो आम्ल वेगळे केले होते; तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांत असल्याचे 1937 साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी दाखवून दिले. बियांच्या वजनात त्याचे प्रमाण साधारणतः 4 ते 6 टक्के भरते. त्या काळी या द्रव्याचा मेंदूशी काही संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते, आणि म्हणून मद्रासची ती मौलिक नोंद दोन दशके दप्तरातच राहिली.

तिचे मोल कळले ते दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीच्या निमित्ताने, आणि हा योग मला या सबंध कथेतील सर्वांत विलक्षण भाग वाटतो. सर्पगंधेच्या मुळ्या आपल्याकडे उन्मादावर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या दिल्या जात, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा रक्तदाबावरील गुण सप्रमाण मांडला, आणि 1952 साली बाझेलच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी त्यांतून रेसर्पिन वेगळे केले. स्वीडनमधील लुंड येथे अर्विद कार्लसन यांनी 1957 साली हे रेसर्पिन सशांना टोचले, तेव्हा ते जागच्या जागी निश्चेष्ट बसून राहिले. मग त्यांना डोपा देताच थोड्याच वेळात ते पूर्ववत हिंडू-फिरू लागले. सर्पगंधेच्या मुळातील द्रव्याचा अंमल खाजकुइलीच्या बीमध्ये असणाऱ्या द्रव्याने उठवला होता! डोपापासून मेंदूत बनणारे डोपामिन हे स्वतंत्र संदेशवाहक आहे, हा सिद्धांत तेथून रुजला. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत त्याचा खडखडाट असतो हे 1960 साली व्हिएन्नात दिसून आले. आणि कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सशांना झाले तरी काय होते? मज्जापेशी आपले डोपामिन सूक्ष्म पिशव्यांत साठवते, आणि ते पिशवीत ओढून घेणारे वाहक प्रथिन हायड्रोजनच्या आयनांच्या ओघावर चालते. रेसर्पिन नेमके त्यालाच अडवते आणि भांडार रिकामे पडते. परंतु पेशीबाहेर सोडलेले डोपामिन कामगिरी आटोपल्यावर परत घेणारा दुसरा एक वाहक पेशीच्या वेशीवरच असतो. त्याचे जनुक 1991 साली हाती आले, आणि मनुष्यामध्ये तो 620 अमिनो आम्लांचा बनलेला आहे. जुन्या किल्ल्याच्या दुहेरी दरवाजाप्रमाणे त्याची आतली आणि बाहेरची कवाडे एकाच वेळी कधीच उघडत नाहीत. बाहेरचे कवाड उघडे असताना डोपामिनाचा एक रेणू, सोडियमचे दोन आयन आणि क्लोराइडचा एक आयन आत येऊन बसतात; ते कवाड मिटते, आतले उघडते, आणि सारे पेशीत उतरतात. पेशीबाहेर सोडियम आतल्यापेक्षा सुमारे दसपट दाट असल्याने त्याची आत येण्याची ओढ हीच या वाहतुकीची शक्ती. आणि हे सोडियम पुन्हा बाहेर हाकलण्यासाठी पेशीतील दुसरा पंप अहोरात्र ऊर्जा खर्ची घालतो. मिठाच्या दोन घटकांवर माणसाची हालचाल आणि उल्हास इतका अवलंबून असावा, याचे मला आजही अपार आश्चर्य वाटते.

अमली द्रव्यांचा घाला याच दरवाजावर पडतो. कोकेन डोपामिनाच्या जागी ठाण मांडते आणि बाहेरचे कवाड मिटूच देत नाही. वाहतूक थांबते, आणि पेशींमधल्या फटीत डोपामिन तुंबते. ॲम्फेटामिनाची रीत अधिक घातक: ते डोपामिनाच्या वेषात स्वतःच आत शिरते आणि वाहतूक उलटी फिरवून आतला साठा बाहेर काढते. फळमाशीच्या वाहकाची रचना 2013 साली अमेरिकेत पोर्टलंड येथे एरिक गू यांच्या प्रयोगशाळेत उलगडली. त्या कामात अग्रभागी असलेले अरविंद पेनमत्सा पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. मानवी वाहकाची रचना हाती येण्यास 2024 साल उजाडले.

खाजकुइलीच्या बीला या दरवाजाशी झगडावे लागत नाही. ते मेंदूला केवळ कच्चा माल पुरवते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवातावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास 1978 साली प्रसिद्ध केला. 2004 साली लंडनमध्ये 8 रुग्णांवर झालेल्या चाचणीत बियांच्या 30 ग्रॅम चूर्णाचा गुण एल-डोपाच्या नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि अधिक वेळ टिकला. परंतु कंपवात बळावतो तेव्हा मज्जातंतूंच्या अग्रांबरोबर साठवणीच्या पिशव्या आणि वेशीवरचे दरवाजेही नष्ट होत जातात, आणि पूर्वी पचलेली मात्राही शरीराला वेड्यावाकड्या हिसक्यांनी त्रस्त करू शकते. म्हणून ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना कवचबीजाचे, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचे, चूर्ण आपल्या मनाने देऊ नका, आणि देत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका, कारण गोळीत आणि चूर्णात द्रव्य एकच आहे, आणि दोहोंची मात्रा मेंदूत एकत्रच मोजली जाते.