तारेला लागलेला वाघाचा पाय

रात्रीच्या वन्यजीव छायाचित्रणाचा इतिहास चाळताना मला सारखे वाटत राहते, की ही विद्या छायाचित्रकारांपेक्षा शिकाऱ्यांनीच घडवली. अमेरिकेत मिशिगनमधल्या व्हाइटफिश तलावावर जॉर्ज शायरस (तिसरे) आधी बंदूक घेऊनच फिरत. होडीच्या टोकाला दिवा ठेवायचा. काठावरचे हरीण त्याकडे टक लावून थबकते, आणि मागच्या अंधारातला माणूस त्याला दिसत नाही. ही ओजिब्वे लोकांची युक्ती. शायरस यांनी दिवा तसाच ठेवला, बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे छापली. त्याआधीच्या वर्षी आलेल्या शिलिंग्स या जर्मन शिकाऱ्याच्या आफ्रिकेवरील पुस्तकाच्या तर नावातच फ्लॅश आणि रायफल शेजारी शेजारी आहेत!

प्रकाश यायचा तो मॅग्नेशियमच्या भुकटीतून. ही भुकटी १८८७ मध्ये जर्मनीत तयार झाली. गडद अंधारात शटर उघडे राहिले तरी काचेवर काही उमटत नाही. भडका उडतो तेवढेच एक्स्पोजर. पण भडका पेटून विझेपर्यंत जनावर हलले, तर चित्र पुसट. म्हणून भडका ऐन भरात असतानाच शटर क्षणभर उघडायला हवे. खरी मेख इथे होती.

आपल्याकडे ही मेख सोडवत बसले ते संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. वाघाला झुडपांपेक्षा मोकळी वाट, ओढ्याचे कोरडे पात्र सोयीचे वाटते. चॅम्पियन अशा वाटेवर बारीक तार ताणून ठेवत. पाय लागला की भडका आणि शटर. भुकटी एकदाच पेटणार, म्हणजे रात्रभरात एकच संधी. तीही एखाद्या साळिंदराने वाया घालवावी! १९२७ मध्ये त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ प्रसिद्ध झाले.

मला या चित्रांचे मोल सौंदर्याहून वेगळ्या कारणाने वाटते. बाजूने घेतलेल्या स्पष्ट चित्रात पट्टे मोजून पाहता येतात, आणि दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. शिकाऱ्याला वाघ ओळखायचा तर तो मारावा लागे. इथे तोच वाघ पुन्हा भेटू शकत होता. १९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत वाघांची संख्या काढली ती याच आधारावर. मात्र वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टेही वेगळे असतात, त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात.